चूक कबूल करू नये

हॉस्पिटलच्या जिन्यात फोन वाजला, तेव्हा तो माफी मागायलाच वर निघाला होता.

दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले होते. एक ताईसाठी, एक दाजींसाठी. वाक्यही तयार होतं : दाजी, चूक माझी होती. त्याने पेले खिडकीच्या कठड्यावर ठेवले आणि फोन घेतला. विमा कंपनीच्या दावे विभागातली अधिकारी बोलत होती. आवाज मवाळ होता.

"साहेब, तुम्ही ठीक आहात ना?"

"हो."

"आणि सोबतचे प्रवासी?"

"माझे मेहुणे. उजवं मनगट मोडलंय. ऑपरेशन करावं लागणार आहे."

"काळजी घ्या त्यांची. आता एक नीट ऐका. दावा मिटेपर्यंत कंपनीखेरीज कुणापुढेही चूक कबूल करायची नाही. तोंडी नाही, लेखी नाही, मेसेजवरसुद्धा नाही. पॉलिसीतली अटच आहे ती."

"मला माहीत आहे. वाचलीय मी."

"वाचलीय?" असं उत्तर तिला सहसा मिळत नसावं. "मग उत्तमच. सॉरीसुद्धा म्हणू नका."

"ते माझ्या बहिणीचे यजमान आहेत."

"नात्यातल्यांपुढे तर जास्तच जपा, साहेब. नात्यातली माणसं खरं बोलतात. मग कोर्टातही खरंच बोलतात."

तो वर गेला. दाजी पलंगावर टेकून बसले होते. हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. तरी त्याला बघून म्हणाले, "या मेहुणेबुवा. काय, कुत्रं आडवं आलं म्हणायचं ना?"

विनोद सकाळचाच होता आणि चांगला होता. त्याला हसता आलं नाही. आपण हसलो तर त्याचा अर्थ काय लावला जाईल, हे तो मनात तपासत राहिला.

ताईने चहा घेतला. "नक्की झालं काय रे?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. पडलेल्या पोराला विचारतात तसं विचारलं होतं.

"ते मला आत्ता सांगता येणार नाही, ताई," तो म्हणाला.

तिने पेला खाली ठेवला.

तो लिफ्टचा तपासनीस होता. उंच इमारतींच्या शाफ्टमध्ये उतरून दोर, ब्रेक, कप्प्या बघायच्या आणि लिफ्ट चालवायला योग्य आहे किंवा नाही ते लिहून द्यायचं, हे त्याचं काम. या कामात माणूस दिवसचे दिवस एकटा असतो. वर छत, खाली खड्डा, हातात बॅटरी. इमारतींचे सेक्रेटरी त्याला चहा पाजून सांगत, "लिहून टाका हो साहेब, दोन दोर बदलायचे राहिलेत फक्त, कुणाला कळणार आहे?" तो चहा प्यायचा आणि लिहून द्यायचा नाही. त्यामुळे त्याला चहा पुन्हा मिळत नसे.

बायको फार वर्षांपूर्वी सोडून गेली होती. भांडण असं झालं नव्हतं. "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रोज परीक्षेला बसल्यासारखं वाटतं," एवढंच ती म्हणाली होती. मूल नव्हतं. उरली थोरली बहीण. रविवारी दुपारी तो तिच्याकडे जेवायला जायचा. मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या दारातून. ते दार त्याच्या येण्याच्या वेळेला उघडंच असे. ताई पाठमोरीच म्हणायची, "आलास धाकट्या? हात धू." एवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

दाजी शिंपी होते. बाजारातल्या आतल्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. शिवायला कारागीर ठेवता येतो, पण कापड बेतायचं स्वतः, असा त्यांचा शिरस्ता. "शिवण उसवता येते मेहुणेबुवा, कापलेलं कापड जोडता येत नाही," असं ते म्हणत. मोठी कात्री त्यांच्या उजव्या हातात असली की बोलत बोलत चालायची आणि रेघ सोडायची नाही.

आणि त्याची लाल गाडी. साधी, घरगुती, आठ वर्षांची. वर्षातून काही शनिवार शहराबाहेरचा रेसिंग ट्रॅक सर्वसामान्यांना खुला असे. पैसे भरा, हेल्मेट घाला, आपली गाडी आपण पळवा. शर्यत नाही, घड्याळ नाही, बक्षीस नाही. तो जायचा. का जायचा हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तरही तयार नव्हतं. आठवडाभर सावकाश खाली-वर होणाऱ्या गोष्टी बघितल्यावर एखादी गोष्ट जोरात पुढे जाताना बघावीशी वाटत असेल.

बाकीचे लोक बायका, भाऊ, मित्र घेऊन येत. कुणी फोटो काढी, कुणी शेजारी बसून ओरडे. त्याच्या शेजारच्या सीटवर हेल्मेटची पिशवी असायची. पिशवी जड होती. सीटवर माणूस बसलाय असं समजून गाडी पट्ट्यासाठी पिंगपिंग करायची. म्हणून तो पिशवीला पट्टा लावायचा.

एका रविवारी जेवताना तो सहज म्हणाला, "पुढच्या शनिवारी ट्रॅक आहे. मंद गटात शेजारी कुणाला बसवायला परवानगी असते." मग मान खाली घालून जेवू लागला. ताईने दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "बघू या की एकदा. आयुष्यभर कापड कापलं, एकदा वारा कापू."

त्या आठवड्यात त्याने एक दिवसाचा वेगळा विमा काढला. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की शर्यत, वेगचाचणी किंवा ट्रॅक यांवर झालेलं काहीही आमच्याकडे आणू नये. हे बहुतेक लोक वाचत नाहीत. वाचणारे दुर्लक्ष करतात. त्याने वाचलं होतं, म्हणून दर वेळी तो एका दिवसाची पॉलिसी घ्यायचा. या वेळी त्याने जादा हप्ता भरून शेजारच्या प्रवाशाची जबाबदारीही त्यात घालून घेतली. तो रकाना भरण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. तिथे दाजींचं नाव लिहिताना त्याला बरं वाटलं.

ट्रॅकवर सकाळी गाड्या तपासणीच्या रांगेत उभ्या असताना लोकांनी त्याची नेहमीप्रमाणे चेष्टा केली. "एका दिवसाचा विमा! अहो, लग्नाला जाताना काडीमोडाचे कागद नेल्यासारखं झालं हे." बोलणारा दातांचा डॉक्टर होता, निळ्या गाडीचा. "गाडी ठोकली तर सरळ उपाय आहे. टोचन लावायचं, बाहेरच्या रस्त्यावर नेऊन उभी करायची आणि कंपनीला सांगायचं, कुत्रं आडवं आलं."

"या रस्त्यावर कुत्री आहेत तरी का?" दाजींनी विचारलं.

"एकही नाही. पण दर महिन्याला आडवी येतात बघा."

दाजी पोट धरून हसले. तोही हसला. शेजारी आपलं माणूस हसत असलं की विनोद जास्त चांगला वाटतो, हे त्याच्या लक्षात आलं.

मग सह्या. इथे जे होईल ते स्वतःच्या जबाबदारीवर, ट्रॅकचे मालक जबाबदार नाहीत, अशा अर्थाचा कागद. दाजींनी न वाचता सही ठोकली. "मापं सोडून मी काही वाचत नाही." त्याने मात्र दाजींचा कागदही वाचून काढला आणि मगच पुढे केला.

ट्रॅकवर शिकवायला एक बाई होत्या. एके काळी स्वतः शर्यती केलेल्या, आता पिकल्या केसांच्या. सगळे त्यांना मास्तरीण म्हणत. त्यांनी सगळ्यांना उन्हात उभं केलं. "प्रवाशांनी हात मांडीवर ठेवायचे. दार धरायचं नाही, समोर टेकवायचे नाहीत. चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. वळणात शिरलात की पाय अचानक उचलायचा नाही. भीती वाटली तरी नाही. उचललात तर गाडीची शेपूट पुढे येते. आणि नजर. जिथं जायचंय तिथं नजर. नजर जिथं जाते, तिथंच गाडी जाते."

"संसारात पण तेच," दाजी पुटपुटले. दातांचा डॉक्टर खिंकाळला. मास्तरीणबाईंनी दोघांकडे बघितलं आणि दोघेही शाळेतल्या पोरांसारखे गप्प झाले.

भाड्याच्या हेल्मेटची काच काळी होती. दाजींनी ती खाली ओढली.

पहिली फेरी सावकाश झाली. दुसरी थोडी वेगात. लांब सरळ पट्ट्यावर इंजिनाचा आवाज भरून आला, तेव्हा त्याने विचारलं, "कसं वाटतंय?" हेल्मेटमधून उत्तर आलं की नाही, कळलं नाही. पुढच्या फेरीत शेवटचं वळण आलं. उजवीकडे वळणारं, लांबलचक. याच वळणावर तो नेहमी खूश व्हायचा. इथे गाडी हलकी होते आणि सगळं काही क्षण हातात येतं. आजवर ते त्याने कुणाला दाखवलं नव्हतं.

वळणात शिरल्यावर त्याने डावीकडे बघितलं. दाजींना मजा येतेय का, हे त्याला बघायचं होतं.

काळ्या काचेत त्याला काही दिसलं नाही.

नजर डावीकडे गेली तशी गाडीही डावीकडे सरकली. कडेची खडी वाजली. तो दचकला आणि त्याने पाय उचलला. शेपूट पुढे आली. टायरांच्या रचलेल्या भिंतीवर गाडी डाव्या अंगाने आदळली. फार मोठा आवाज झाला नाही. पट्टे होते, हेल्मेटं होती. त्याला खरचटलंही नाही. दाजींनी मात्र उजवा हात समोरच्या बोर्डावर घट्ट रोवला होता, आणि तो मनगटात मोडला.

दाजींचं ऑपरेशन झालं. मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल, लिहिता येईल. कात्रीचं विचारल्यावर ते म्हणाले, "कसली कात्री? घरगुती ना?"

तो हॉस्पिटलात रोज जायचा. औषधं आणायचा, फळं आणायचा, पलंगाची मूठ फिरवून दाजींची पाठ वर-खाली करून द्यायचा. बोलायचा मात्र मोजून. दाजी हवापाण्याचं बोलत. ताई वाट बघत असे. ती कशाची वाट बघतेय हे त्याला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे.

दाजी घरी आल्यावर ताईच्या नणंदेने वकील गाठून दिला. दाजींच्या हाताची भरपाई मागायची तर दावा गाडी चालवणाऱ्यावर लावावा लागतो, म्हणजे त्याच्यावर. पैसे विमा कंपनी देणार, पण कागदावर तो आणि दाजी समोरासमोर. तो स्वतःच म्हणाला होता, "लावा. लावलाच पाहिजे. त्यासाठीच विमा काढलाय." ताईने त्याच्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघितलं.

मग दोन्हीकडच्या वकिलांनी सांगितलं की प्रकरण मिटेपर्यंत एकमेकांकडे जाणं-येणं नको. रविवार मोकळे झाले.

पहिल्या रविवारी त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले. दुसऱ्या रविवारी एकाच नळाचं पाणी परत गळायला लागलं, तो ते करत बसला. पुढे नळही संपले. दुपारी तो पोळी-भाजी गरम करून ओट्याशी उभ्याउभ्या खायचा. बसून खाण्याइतकं ते जेवण नव्हतं. एकदा चालत चालत बाजारातल्या गल्लीपर्यंत गेला. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत कारागिराचं मशीन चालू होतं. बेतायच्या टेबलाची जागा रिकामी होती, टेबलच नव्हतं. समोरच्या फुटपाथवरून तो शटरखालच्या उजेडाकडे थोडा वेळ बघत राहिला आणि परत फिरला.

ताई एकदा आली. त्याच्या ऑफिसच्या खाली, संध्याकाळी सुटायच्या वेळेला. तो बाहेर पडला तर फाटकाशी उभी होती, पर्स पोटाशी धरून.

"ताई, तू इथं? आपण असं भेटायचं नाहीये."

"बहीण आहे मी तुझी. रस्त्यात दिसले म्हणून समज."

दोघे चालू लागले. गर्दी होती. ताई हळू चालायची. तिचा गुडघा दुखायचा. तो तिच्या बेताने चालू लागला.

"ते काही म्हणत नाहीत," ताई म्हणाली. "एका शब्दाने नाही. पण बसून राहतात रे. डाव्या हाताने कात्री धरून बघतात आणि ठेवून देतात. परवा म्हणाले, मेहुणेबुवा एकदा तरी म्हणतील असं वाटलं होतं."

समोरून हातगाडी आली, तसं त्याने तिला कडेला घेतलं.

"एकदा म्हण ना, चुकलं म्हणून. तेवढंच हवंय त्यांना. हाताचं काय, हात नशिबात होता. पण तू असा भिंतीसारखा..." ती थांबली. "मला सांग. आत्ता. इथं कुणी नाही. मी त्यांना जाऊन सांगते आणि विषय संपला. कुणाला कळणार आहे?"

कुणाला कळणार आहे. हे वाक्य त्याने इतक्या इमारतींच्या इतक्या सेक्रेटऱ्यांकडून ऐकलं होतं की आतलं उत्तर आपोआप तयार झालं. त्याने आपल्या बहिणीकडे बघितलं. ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. लहानपणी फुटलेल्या बरणीबद्दल त्याने तिला शपथ घातली होती आणि आईने विचारताच तिने तोंड उघडलं होतं. उद्या कुणी तिला समोर बसवून विचारलं, तुमच्या भावाने चूक कबूल केली होती का, तर ती हो म्हणेल. कंपनी अट दाखवून हात झटकेल. मग दाजींच्या हाताचं कुणी बघणार नाही. त्याचं घर विकलं तरी ते पुरं पडणार नाही.

हे सगळं त्याला तिला सांगता आलं असतं. पण तुझ्यावर विश्वास नाही, एवढंच त्यातून निघालं असतं.

"ताई, केस संपू दे," तो म्हणाला.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. "केस," ती म्हणाली. "आई म्हणायची, याच्या पोटात माया आहे, पण ती बाहेर काढायला याला अर्ज करावा लागतो." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "जा तू. मला रिक्षा मिळेल."

रिक्षा मिळेपर्यंत तो थांबला. तिने आत बसल्यावर त्याच्याकडे बघितलं नाही.

विमा कंपनीच्या वकिलाने त्याला जबाबासाठी बोलावलं. छोटी खोली, काचेचं टेबल, एक रेकॉर्डर. वकील तरुण होता आणि अजिबात वाईट माणूस नव्हता. त्याने आधी पाणी विचारलं.

"साहेब, प्रकरण सोपं आहे," तो म्हणाला. "ट्रॅकवर जाणारा माणूस काही धोका पत्करूनच जातो. त्यांनी सहीही केलीय. गाडी नुसती घसरली असेल, तर तो त्या धोक्याचाच भाग झाला. कंपनीला काही द्यावं लागणार नाही. तुमच्याकडून हलगर्जी झाली असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून नीट आठवून सांगा. गाडी घसरली, बरोबर?"

वकिलाने पेन उचललं होतं. त्याने फक्त हो म्हणायचं होतं.

"घसरली," तो म्हणाला. "पण नंतर. आधी मी रस्त्यावरून नजर काढली."

"काही कारण? प्रवासी काही बोलले? ओरडले? तुमच्या हाताला हात लावला? तसं असेल तर सांगा, ते फार महत्त्वाचं आहे."

"नाही. ते काही बोलले नाहीत. मीच त्यांच्याकडे बघितलं."

"का?"

त्याने पाण्याचा पेला फिरवला. एसीचा आवाज येत होता.

"त्यांना मजा येतेय का, ते बघायला."

वकिलाचं पेन थांबलं. त्याने रेकॉर्डरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हे असंच लिहायचं?"

"असंच लिहा. वळणात नजर काढायची नाही, पाय उचलायचा नाही, दोन्ही सांगितलं होतं. मी दोन्ही केलं. चूक माझी होती."

इतके महिने घशात अडकलेलं वाक्य बाहेर पडलं, ते एका अनोळखी माणसाच्या काचेच्या टेबलावर.

"हे तुम्ही त्यांना सांगितलंय का?" वकिलाने विचारलं. "तुमच्या मेहुण्यांना?"

"नाही."

"उत्तम," वकील म्हणाला, आणि लिहू लागला.

जबाब दिल्यावर कंपनीपुढे फारसा मार्ग उरला नाही. हात समोर टेकवला म्हणून थोडी रक्कम कापली, बाकी मान्य केली. तडजोडीवर सह्या झाल्या. दावे विभागातल्या त्याच बाईचा पुन्हा फोन आला. "प्रकरण बंद झालं साहेब. अट आता लागू नाही. बोलायला हरकत नाही तुम्हाला." जरा थांबून ती म्हणाली, "पुढच्या वेळी ट्रॅकची पॉलिसी मात्र आम्ही देऊ शकणार नाही."

"पुढची वेळ नाहीये," तो म्हणाला.

रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला. शर्ट दाजींनीच बेतलेला होता. गाडीला डाव्या बाजूने नवीन दार बसवलं होतं. त्याचा लाल रंग बाकी गाडीपेक्षा ताजा दिसायचा. तो नेहमीसारखा मागच्या बाजूने गेला. स्वयंपाकघराचं दार बंद होतं. त्याने ढकलून बघितलं. आतून कडी होती. वाजवावं की नाही हे न ठरल्यामुळे तो वळसा घालून पुढे आला आणि त्याने बेल दाबली. या घराची बेल कशी वाजते हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

ताईने दार उघडलं. "अरे," ती म्हणाली. "ये."

बैठकीच्या खोलीत दुकानातलं बेतायचं टेबल आणून टाकलं होतं, जेवणाच्या टेबलाच्या जागी. त्यावर राखाडी कापड पसरलेलं. दाजी डाव्या हातात खडू धरून रेघ ओढत होते. रेघ थोडी थरथरत होती, पण जात होती. ताईच्या हातात कात्री होती. त्याच्यासाठी दार उघडायला ती कात्री तशीच घेऊन आली होती.

"या मेहुणेबुवा," दाजी म्हणाले. "बघा, बायकोच्या हातात कात्री दिली. आता माझी काही खैर नाही."

"मी रेघेवरून कापते," ताई म्हणाली. "तुमच्यासारखी बोलत बोलत नाही कापत."

"म्हणून तर दिवस लागतो एका पँटीला."

दोघं हसली. हे त्यांचं रोजचं बोलणं असावं. त्यात त्याला शिरायला जागा दिसेना. त्याची खुर्ची भिंतीशी होती. तिच्यावर कापडांचे गठ्ठे होते. ताई ते उचलायला लागली. तो म्हणाला, "असू दे, असू दे." आणि उभाच राहिला.

"दाजी," तो म्हणाला. "चूक माझी होती."

दाजींनी खडू ठेवला.

"माहीत आहे," दाजी म्हणाले. "तडजोडीच्या वेळी आमच्या वकिलाने तुमचा जबाब वाचून दाखवला. वाहनचालकाने प्रवाशास आनंद होत आहे किंवा कसे हे पाहण्यासाठी नजर वळवली." त्यांनी ते कोर्टाच्या आवाजात म्हटलं, चेष्टेने नाही. "ही तिथं रडली. वकील घाबरला बिचारा."

ताई कापडाकडे बघत होती.

"मला तेव्हा सांगता येत नव्हतं," तो म्हणाला. "अट होती. मी सांगितलं असतं तर तुम्हाला..."

"कळलं रे," ताई म्हणाली. "सगळं कळलं. तू केलंस ते बरोबरच केलंस." ती हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाली. खोटं तिला येतच नव्हतं.

मग त्याने ते विचारलं. विचारायचं ठरवून तो आला नव्हता. "दाजी, येत होती का? मजा?"

दाजींनी त्याच्याकडे बघितलं, मग ताईकडे. या घरात एकजण खोटं बोलत नसे. दुसऱ्याला ते येत असे. पण एवढं सगळं झाल्यावर त्यांनाही खोटं बोलवेना.

"मी डोळे मिटून घेतले होते मेहुणेबुवा," ते म्हणाले. "पहिल्या फेरीपासून. मला बैलगाडीतसुद्धा मळमळतं."

"मग आलात कशाला?"

ताईने कात्री हळूच टेबलावर ठेवली.

"ही म्हणाली, पिशवीला पट्टा लावून जातो तो. एकदा जा त्याच्याबरोबर."

पिशवीचं त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईने कधीतरी बघितलं असणार, रविवारी, अंगणात गाडी उभी असताना. दर रविवारी, कदाचित.

"असो," दाजी म्हणाले आणि खडू उचलला. "कुत्रं आडवं आलं, दुसरं काय."

या वेळी तो हसला. दाजींनी विषय मिटवला होता, आणि मिटवण्याची पद्धत चांगली होती.

ताईने चहा केला. बिस्किटं बशीत मांडून आणली. एरवी तो डब्यातून हाताने घ्यायचा. जेवणाचं कुणी काढलं नाही. ती दोघं हल्ली लवकर, स्वयंपाकघरातच, उभ्याउभ्या जेवून घेतात, असं बोलण्यात आलं. कामं अंगावर होती. पँट संध्याकाळी द्यायची होती. चहा संपल्यावर तो उठला, म्हणजे उभाच होता, कप ठेवला.

ताई पुढच्या दारापर्यंत सोडायला आली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात उबदार होता आणि त्यात काही कमी नव्हतं.

"येत जा," ती म्हणाली. "कधीही ये. फक्त आधी एक फोन कर, काय? टेबल आवरून ठेवीन."

"हो," तो म्हणाला. "करतो."

गाडीत बसून त्याने पट्टा लावला. शेजारची सीट रिकामी होती, पिशवीही नव्हती. गाडीने काही आवाज केला नाही. वळताना त्याने नजर रस्त्यावर ठेवली.